ग्रीनिचला किल्ली

बडोद्यात राहून बडोद्यात न राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. देह रावपुऱ्यात, माडीवरच्या वेताच्या खुर्चीत, कमरेला जाडाभरडा पंचा आणि अंगात बाराबंदी. पण मन सकाळी न्यूझीलंडात, दुपारी मोंबासात आणि दिवेलागणीला नॉर्वेत. सरकारच्या छोट्या रेल्वेत त्यांनी तीस वर्षं तारमास्तरकी केली, निम्मी पादरा स्टेशनावर आणि निम्मी करजणला. पेन्शनीत निघाल्यावर माणसं काशीला जातात, ज्ञानेश्वरी उघडतात, नाहीतर सुनांच्या चुका काढतात. आमचे तारमास्तर पेन्शनीत निघाले आणि त्यांनी परवाना काढून घरात बिनतारी यंत्र बसवलं. तीस वर्षं तारेतून बोललो, आता तारेवाचून बोलून बघू, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस. विजेच्या बाबतीत माझं ज्ञान बटण दाबण्यापर्यंत, आणि तेही घाबरत. त्यामुळे तारमास्तर नक्की काय करतात हे मला कधी समजलं नाही. समजलंसं वाटलं की त्या दिवशी गोंधळ जास्तच वाढे. एकदा धीर करून विचारलं, "तारमास्तर, तुम्ही या यंत्रावर बोलता तरी काय?"

"मी विचारतो, कोणी आहे का?"

"मग?"

"मग कोणीतरी म्हणतं, आहे."

"मग?"

"मग मी त्याला सांगतो तुझं मला कसं ऐकू येतंय ते, आणि तो मला सांगतो माझं त्याला कसं ऐकू येतंय ते."

"आणि मग?"

"मग संपलं. दुसऱ्याला विचारायचं, कोणी आहे का?"

म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून जायचं, कोणा परक्या माणसाला गाठायचं, आणि आपल्याला एकमेकांचं ऐकू येतं एवढंच एकमेकांना सांगून परत यायचं! मी दोन दिवस या गोष्टीचा विचार केला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या घरी नवराबायकोत तेवढंही होत नाही, आणि मी तो विचार सोडून दिला.

बरं, हे बोलणं तोंडानेही नव्हे. सगळं बोटाने. तारेची ती कडकट्ट भाषा त्यांच्या बोटात इतकी मुरली होती की बोट रिकामं बसतच नसे. जेवायला बसले की ताटाच्या कडेवर नखाने कट्ट कट् कट्ट चाले. मला वाटे, खोड आहे. पण एकदा पंगतीला मी पाहिलं, त्यांनी ताटावर दोनचार टिचक्या मारल्या आणि अक्का आतून आमटीची पळी घेऊन आल्या. पुन्हा टिचक्या, आणि या वेळी लिंबाची फोड. मी चाटच पडलो. अक्का म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पादऱ्याच्या काय, करजणच्या काय, क्वार्टरात तार आणि माझी चूल यांच्यात एक भिंत होती. तीस वर्षं ऐकते आहे. गाडी किती लेट आहे ते मला स्टेशनमास्तरांच्या आधी कळायचं." अक्कांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ऐकून आमटीपुरतं सगळं कळत होतं.

एकदा बोलणं झालं की मामला तिथे मिटत नसे. त्या लोकांत अशी रीत की बोलणं झालं त्याचं पक्कं कार्ड टपालाने यायला हवं. कोणत्या तारखेला, किती वाजता, कसं ऐकू आलं, आणि खाली सही. कार्ड आलं तर भेट खरी. नाहीतर नुसता भास. भिंतभर ही कार्डं लावलेली. कोणावर बोकड, कोणावर दीपगृह, कोणावर बर्फात उभा असलेला मिशीवाला. अक्का हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती दाखवत. कार्डाच्या शेवटी सगळे ‘त्र्याहत्तर’ लिहीत. त्यांच्या भाषेत त्र्याहत्तर हा आकडा म्हणजे लोभ असावा, नमस्कार. तारमास्तर माझ्या मुलाच्या मुंजीच्या आहेराच्या पाकिटावरही फक्त ‘७३’ लिहून मोकळे झाले. पाकीट उघडल्यावर आत निघाले अकरा, तेव्हा बाकीचे बासष्ट कुठे गेले म्हणून माझ्या बायकोने आठ दिवस घर झाडलं.

त्यांच्या गच्चीपासून मागच्या निंबाच्या झाडापर्यंत एक लांबलचक तार ताणलेली होती. तीच त्यांची जीभ आणि तोच कान. पण उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दिवशी सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर चढे, आणि वर्षभर जगाशी बोलणारी ती तार त्या दिवशी पतंग वाळत घालायची दोरी होई. "मास्तर, मारो पतंग तमारा तार पर भराई गयो छे!" अशा हाका चारी बाजूंनी. तारमास्तर काठी घेऊन एकेक पतंग सोडवत आणि ज्याचा त्याला देत. फुकट नव्हे. "तमारी गच्ची केटली ऊंची?" असं प्रत्येकाला विचारून घेत. पुढेमागे तार आणखी उंच न्यायची, तर कोणाच्या गच्चीची मदत होईल, हा हिशेब.

शेजारच्या काशीबांचा मुलगा मोंबासाला नोकरीला गेलेला. पोर नीट जेवतो ना, या काळजीने त्या रोज येऊन म्हणत, "भाई, एने पूछो ने, जमे छे बराबर?" तारमास्तर समजावत, की परवान्यात निरोप पोचवायची मुभा नाही, फक्त आपसात हवापाण्याचं बोलता येतं. पण म्हातारीचा जीव राहीना, तेव्हा एकदा मोंबासाचा कोणी साहेब सापडल्यावर त्यांनी कायद्यात राहून तिथल्या हवेची चौकशी केली आणि काशीबांना गच्चीवरून सांगितलं, "मोंबासामां वरसाद पडे छे!"

काशीबांनी कपाळावर हात मारला. "अरेरे! मारो दीकरो तो छत्री लीधा वगर गयो छे!"

या सगळ्याहून मला गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे त्यांची घड्याळं. माडीवर भिंतीला तीन घड्याळं होती. एक आपल्या स्टँडर्ड टाइमचं. एक जुन्या बडोदे टाइमचं, सूर्याच्या मर्जीने चालणारं, ते वडिलांची आठवण म्हणून. आणि मधलं ग्रीनिचचं, कारण बिनतारीवाल्यांच्या साऱ्या जगाने आपल्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेने ठेवायच्या असा दंडक. त्यांच्या घरी "किती वाजले?" असं सहज विचारायची सोय नव्हती. तारमास्तर मान वर करून शांतपणे विचारत, "कुठे?" एका सत्यनारायणाला भटजींची नजर मधल्या घड्याळावर गेली आणि "अरे, अजून तर सूर्योदयही नाही" म्हणून ते सोवळं सोडून पुन्हा पारावर जाऊन बसले. मी शाळेतून येताना वर डोकावलो की तिन्हींकडे आळीपाळीने बघत राही, आणि घरी पोचेपर्यंत आपण आज जेवलोय की जेवायचंय हेच मला ठरवता येत नसे.

आता ज्यासाठी हे सारं सांगायला बसलो ते सांगतो. सांगताना अजूनही कानाच्या पाळ्या गरम होतात.

बडोद्यात या लोकांचं एक मंडळ होतं. सभासद चार: आमचे तारमास्तर, ग्रामोफोन विकणारे एक पारशी शेठ, कॉलेजातले एक प्रोफेसर आणि पादऱ्याचे एक डॉक्टर. दर रविवारी तारमास्तरांच्या माडीवर सभा भरे आणि चौघेही तोंड मिटून कपबशा वाजवत. त्या वर्षी विलायतेतल्या त्यांच्या थोरल्या मंडळाने शर्यत लावली. शनिवारी ग्रीनिचला दुपारचे बारा वाजले की सुरू करायचं आणि रविवारी बाराला थांबायचं. तेवढ्यात जो जास्तीत जास्त दूरदूरच्यांना गाठील तो पहिला. हिंदुस्थानासाठी वेगळं प्रशस्तिपत्र होतं. तारमास्तरांनी ते कुठे लावायचं ती जागासुद्धा आखून ठेवली होती, देवघराच्या दाराशी. मला एकदा हळूच म्हणाले, "पंतोजी, हिच्या माहेरचे अजून म्हणतात की जावई माडीवर बसून एकटाच टकटक करतो. हिने तीस वर्षं ऐकून घेतलं. एकदा छापील कागद येऊ दे." मला ते पंतोजीच म्हणत.

त्या शनिवारी मी तिथे गेलो तो तोंड गोड करून शुभेच्छा द्यायला. आपल्याकडचे पावणेचार झाले होते. तारमास्तर गच्चीवर तार ताणत होते. वरूनच ओरडले, "पंतोजी, ग्रीनिच थांबलंय! जरा किल्ली द्या आणि साडेपाच तासांचा फरक ठेवून लावा!"

मी खुर्चीवर चढलो. किल्ली दिली. आणि मग विचार करू लागलो, हीच चूक. आपल्याकडे सूर्य आधी उगवतो. म्हणजे आपल्याकडे जे होऊन गेलं ते तिकडे अजून व्हायचंय. व्हायचंय म्हणजे पुढे आहे. पुढे आहे म्हणजे काटे पुढे न्यायचे. एवढं सरळ तर्कशास्त्र मी वर्गातसुद्धा कधी लढवलं नव्हतं. मी काटे साडेपाच तास पुढे नेले, सव्वानऊ वाजवले आणि खाली उतरून हात झटकले. न्यायचे होते मागे. सव्वादहा वाजवायचे होते. पुढे नेले काय आणि मागे नेले काय, बारा आकड्यांच्या तबकडीवर दोहोंत फरक पडतो तो अवघ्या एका तासाचा. सहा तासांचा फरक पडता तर आंधळ्यालाही दिसला असता. एक तास मात्र लपून बसला.

तारमास्तर खाली आले आणि त्यांनी घड्याळ तपासलं नाही असं नाही. पण रेल्वेत रोज चार वाजता टाइमची तार यायची, आणि तिच्यावरून सगळ्या स्टेशनांवर फक्त मिनिटकाटा जुळवत. तासकाटा चुकेल हे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी अर्ध्या तासाचा फरक धरून खिशातल्या घड्याळाशी मिनिटकाटा ताडला, "शाबास पंतोजी, मिनिटाला बरोबर," म्हणाले, आणि घोटाळा नको म्हणून बाकीच्या दोन घड्याळांवर आपल्या हाताने पंचे टाकले. खिडक्या लावून घेतल्या आणि मधल्या घड्याळात बारा वाजायची वाट बघत बसले.

बारा वाजता त्यांनी कान लावले, तर सारं जग आधीच गलका करतंय. "लोक फार अधीर झालेत," ते म्हणाले. "वेळेआधीच सुरुवात करतात. आमच्या रेल्वेत असतं तर मेमो मिळाला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा डोळे लाल, दाढी वाढलेली, बोट मात्र चालूच. अक्कांनी खुर्चीपाशीच ताट आणलं होतं. संध्याकाळी शेवटच्या तासाला त्यांना एकाचंही उत्तर आलं नाही. "थकले बिचारे," म्हणाले, "तरुण मुलं, दम नाही." पण नोंदवहीत एकेचाळीस नावं होती, आणि पारशी शेठ ती मोजून म्हणाले, "मास्तर, आ तो तमारुंज छे! हिंदुस्थानात पहिला नंबर!" सोमवारी तारमास्तरांनी नेहमीप्रमाणे घड्याळ उतरवून तेलपाणी केलं आणि स्वतः नीट लावून पुन्हा टांगलं. माझ्या पराक्रमाचा पुरावा असा पुसून गेला.

दोन महिन्यांनी कार्डं येऊ लागली. पहिल्या कार्डावरची वेळ यांच्या नोंदीहून एका तासाने पुढे. "चुकला बिचारा," तारमास्तर म्हणाले. दुसरं कार्ड, तोच फरक. पाचव्या कार्डानंतर त्यांनी काही म्हणायचं सोडलं. मग विलायतेहून पत्र आलं की आपल्या एकाही नोंदीची वेळ समोरच्याच्या नोंदीशी जुळत नाही, सबब आपली वही विचारात घेता येत नाही. प्रोफेसर म्हणाले, घड्याळाचा दोष कळवून पुन्हा मागणी करा. तारमास्तरांनी मधल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "ते तर सेकंदाला बरोबर चालतंय. दोष घड्याळात नाही. दोष इथे आहे," आणि त्यांनी आपल्या डोक्यावर टिचकी मारली.

मला हे काहीच माहीत नव्हतं. आठ दिवसांनी अक्का आमच्याकडे आल्या आणि बायकोपाशी बसून रडल्या. "हे म्हणतात, तीस वर्षांत माझं एक मिनिट चुकलं नाही, आता पुरता तास चुकला. एकेचाळीस वेळा चुकला. म्हणजे म्हातारपण डोक्यात शिरलं. तार उतरवणार म्हणतात, परवाना परत देणार. कोणाशी बोलत नाहीत." मग म्हणाल्या, "ताटावर वाजवत नाहीत गं हल्ली. मी आतून ऐकत असते. आमटी हवी असली तरी तशीच कोरडी पोळी खातात."

सगळीकडे सारखा एकच तास, हे ऐकून मला ते मधलं घड्याळ आठवलं. मी घरातलं गजराचं घड्याळ घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली, पावणेचार वाजवले आणि काटे साडेपाच तास पुढे नेले. सव्वानऊ. मग मागे नेले. सव्वादहा. किती तरी वेळ मी ते पुढेमागे करत होतो. बाहेरून बायको विचारत होती, बरं आहे ना म्हणून.

माझ्या वाचकांना वाटेल की मी तसाच धावत रावपुऱ्यात गेलो. नाही गेलो. मी चार दिवस गेलो नाही. उशिरा आलेल्या पोरांना अंगठे धरून उभं करणारा मास्तर मी. तोंड दाखवायला मला लाज वाटत होती. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा ते निंबावर शिडी लावून तार सोडत होते. मी खालूनच ओरडलो, "तारमास्तर, ग्रीनिच मी चुकीचं लावलं! पुढे नेलं! मागे न्यायचं होतं!"

ते शिडीवरच थबकले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग खाली उतरले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि मला वाटलं आता थोबाडीत बसते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे मी नाही चुकलो?"

"नाही."

"अहो, खरंच तुम्ही चुकलात?"

"खरंच."

"अगं, ऐकलंस का?" ते घराकडे वळून ओरडले. "मी नाही चुकलो! पंतोजी चुकले! पेढे आण, पेढे!" माझ्या मूर्खपणाचे पेढे गल्लीभर वाटले गेले. काशीबांनी दोन घेतले आणि पेढे कशाचे म्हणून मला विचारलं, "शेना पेंडा छे, भाई?" मी तिसरा पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

निकाल लागून गेला होता, प्रशस्तिपत्र मद्रासकडच्या कोणाला गेलं होतं, ते गेलं ते गेलंच. देवघराच्या दाराशी आखलेली चौकट रिकामी राहिली. पण त्या संध्याकाळी तार पुन्हा ताणली गेली, आणि तारमास्तरांनी एकेचाळीस जणांना एकेक करून गाठून खुलासा कळवायचा सपाटा लावला. अडचण एकच आली. इंग्रजांच्या भाषेत साडूला शब्दच नाही. तेव्हा ते दर वेळी पुरतं वाजवीत: घड्याळाचा दोष सापडला, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याने लावलं होतं. पुढे महिनोन्‌महिने कार्डं येत, त्यांत माझी विचारपूस असे. न्यूझीलंडच्या एका मेंढीवाल्याने लिहिलं, ‘बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला नमस्कार. माझ्याकडेही एक आहे.’ नॉर्वेच्या मिशीवाल्याने लिहिलं, ‘त्यांना शिडीवर चढवा, घड्याळापाशी नको.’ अक्कांच्या माहेरची मंडळी आली की ही कार्डं तारमास्तर मुद्दाम वाचून दाखवत. जावई एकटाच टकटक करत नाही, पलीकडे कोणीतरी आहे, हे त्यांना अखेर पटलं ते माझ्या अब्रूच्या मोबदल्यात. अक्का पदर तोंडाला लावून हसत, आणि मला त्या अब्रूचं फारसं वाईट वाटेनासं होई.

मग बडोद्याचे महाराज वारले, आणि त्याच वर्षी लढाई पेटली. हुकूम आला की खासगी बिनतारी यंत्रं जमा करा. दोन माणसं आली, यंत्राला लाखेची मोहर केली आणि गाडीत घालून घेऊन गेली. तार उतरली. त्या उत्तरायणाला तारमास्तरांच्या गच्चीवर एकही पतंग अडकला नाही. ते संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसत, आणि खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट वाजत राही. मी अक्कांना विचारलं, "काय म्हणताहेत?"

"तेच. कोणी आहे का, असं विचारताहेत."

मी अक्कांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, हातात उलथनं घेऊन, आठवडाभर एकच शब्द शिकलो. उलथनं तव्यावर, अक्का चुलीपाशी, आणि माझ्या हाताचा ठेका सारखा चुकतोय. मग एका संध्याकाळी त्यांचं बोट वाजायचं थांबलं तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर नखाने वाजवलं, ‘आहे.’

त्यांनी मान वळवली नाही. मग पुन्हा वाजवलं. मीही वाजवलं. मग ते उठले, कपाटातून नोंदवही काढली आणि बऱ्याच दिवसांनी तीत एक ओळ लिहिली. मला म्हणाले, "पंतोजी, हात फार जड आहे तुमचा. पण ऐकू येतं."

चौथ्या दिवशी आमच्या घरी टपालाने कार्ड आलं. दोन गल्ल्यांवरून, तिकीट लावून. त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव, ठिकाण रावपुरा, अंतर दीड हात, ऐकू आलं ते स्पष्ट, शेवटी सही आणि त्र्याहत्तर. वेळ ग्रीनिचची होती. मी लगेच साडेपाच तास मोजले, या खेपेला बरोबर दिशेने, तर त्या संध्याकाळच्या आमच्या बोलण्याहून ती वेळ एका तासाने मागे निघाली. त्यांचं एक मिनिटही कधी चुकत नसे. तो तास त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम मागे ठेवला होता. तारमास्तर आता नाहीत; ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे.